सेंद्रिय शेती, वाढता उकिरडा आणि विहिरीतलं नायट्रेट

मृदगंधा
मंडळी, सेंद्रिय शेतीवर इथे आधी बरेच धागे झालेत. त्यातले बहुतेक कीड, प्रमाणपत्र आणि भाव याभोवतीच फिरतात. शेणखताबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत असतं: जितकं जास्त तितकं चांगलं. मला या एकमताबद्दलच विचारायचंय.

आमच्याकडे रासायनिक खत बंद करून बरीच वर्षं झाली. त्याची भरपाई म्हणून गुरं वाढत गेली, आणि गुरांबरोबर उकिरडाही. पावसाळ्यात त्याच्या पायथ्यातून काळं पाणी निघतं आणि उताराने ओढ्याकडे जातं. मध्यंतरी विहिरीचं पाणी तपासून घेतलं तर नायट्रेट लिटरला ६० मिलिग्रॅम. शेतात युरियाचा एक दाणा पडत नाही, मग हे आलं कुठून? शेणखतातूनच आलं असेल तर ते किती टाकावं, ठेवावं कुठे, आणि कुजवून टाकावं की ताजं? भावनिक प्रतिसाद टाळले तर बरं. टळणार नाहीत हेही माहीत आहे.

उगाच_आपलं
वाचनखूण साठवली. बांधावर घोंगडी टाकून बसलोय, येऊ द्या.

जुनाजाणता
शेणाने प्रदूषण होतं हे ऐकायचं तेवढं राहिलं होतं. हजारो वर्षं शेती शेणखतावरच चालली. तेव्हा कुणाच्या विहिरी नासल्या नाहीत, आताच बऱ्या नासायला लागल्या? आजूबाजूला कुणीतरी गोण्याच्या गोण्या ओतत असणार, त्याचं पाणी तुमच्याकडे झिरपत असेल. आधी ते बघा.

अणूरेणू
@जुनाजाणता, शेजारच्या शेतातून झिरपत असण्याची शक्यता आहेच, ती बघायलाच हवी. पण 'हजारो वर्षां'चा मुद्दा इथे लागू होत नाही. तेव्हा गुरं रानात चरायची आणि शेण रानभर विखरून पडायचं. आता चारा, पेंड, भुसा बाहेरून येतो. त्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) कुठल्या तरी दुसऱ्या जमिनीतून उचललेलं असतं आणि ते सगळं तुमच्या एका गोठ्यामागे येऊन साठतं. शेण तेच आहे, गोळा होण्याची जागा बदलली.

आता नायट्रेट. शेणातल्या सेंद्रिय नत्राचं जिवाणू आधी अमोनियम करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. एकदा नायट्रेट झालं की ते युरियातून आलं की शेणातून, हे ना पिकाला कळतं ना विहिरीला. मातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणभारच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी खाली जाईल तसं तेही खाली जातं. शेतात त्या वेळी भुकेली मुळं असली तर ती उचलतात, नसली तर सरळ भूजलात.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी ठेवलेली आहे, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता यामुळे घटते. घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल तर त्यासाठी दुसरीकडचं पाणी वापरा. उकळून उपयोग नाही. उकळल्यावर पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं.

जुनाजाणता
म्हणजे शेण आणि युरिया एकच? वा! मग सेंद्रिय कशाला करायचं?

अणूरेणू
एकच आहेत असं म्हटलेलं नाही. शेणखताने जमिनीत कर्ब वाढतो, पाणी धरून राहतं, जीवसृष्टी सांभाळली जाते. हे युरियाने होत नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की जास्तीचं नत्र कुठून आलं यावर त्याचं झिरपणं ठरत नाही.

आणि हा काही माझ्या डोक्यातून निघालेला विषय नाही. युरोपीय समुदायाने १९९१ साली नायट्रेटबाबतचा जो निर्देश काढला, त्यात पाणी दूषित होण्याचा धोका असलेल्या भागांत जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त नत्र टाकू नये असं घातलं. सेंद्रिय शेतीच्या त्यांच्या नियमांतही हाच आकडा आहे. नेदरलँड्समध्ये २०१९ साली न्यायालयीन निकालानंतर नत्राचा वाद इतका चिघळला की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर आले. त्या वादाच्या मुळाशी प्रामुख्याने गुरांच्या मलमूत्रातून उडणारा अमोनियाच होता.

तिरपागडा
थोडक्यात, तिथे शेणावरून सरकार अडचणीत येतं आणि इथे धागा.

गोठेवाली
मृदगंधाताई, सगळे उकिरड्यावर बोलतायत. मी म्हणेन आधी गोठ्याची जमीन बघा. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात का? चुरचुरत असतील तर तुमचं नत्र तिथेच उडून चाललंय, उकिरड्यापर्यंत पोहोचतच नाही.

आपण शेण जपतो आणि मूत वाहू देतो. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा साधारण निम्मा वाटा, कधी त्याहून जास्त, मुतात असतो आणि पालाशचा (पोटॅशियमचा) तर बहुतेक सगळा. स्फुरद तेवढं शेणात. मुतातलं नत्र युरियाच्या रूपात असतं. ते शेणात मिसळलं की शेणातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) बघता बघता त्याचा अमोनिया होतो. फरशी असेल आणि तुम्ही रोज पाइप लावून धूत असाल तर पाणी वाढतं, घाण पातळ होते, आणि ती आवरणं दसपट अवघड होतं.

आम्ही खाली गव्हाचं काड आणि सुकं गवत चांगलं जाड पसरतो. जिथे ओल दिसेल तिथे रोज वरून मूठमूठ सुकं टाकायचं. मागच्या पायांखालचा पट्टा सगळ्यात ओला होतो, तिथलं रोज उचलायचं. पुढचं दोन-तीन दिवस चालतं. काड नसेल तर नुसती कोरडी माती पसरली तरी चालते. मुतात भिजलेली ही माती म्हणजे सोनं आहे, ती ढिगात थर देऊन घालायची. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली जी इंदूर पद्धत मांडली, तिच्यात मुताने भिजलेली माती हा एक मुख्य घटक होता.

जुनाजाणता
हे बरोबर आहे. हे आम्ही पहिल्यापासून करतो. बघा, जुनं तेच शेवटी खरं ठरतं.

तिरपागडा
चला, अर्ध्या धाग्यात तडजोड. आता अमोनियावर मतभेद उरला नाही, फक्त अणूरेणूंवर.

ढीगवान
आता माझा विषय. उकिरडा आणि कंपोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी मान्य करू. गोठ्यातून काढलं आणि त्याच जागी ओतत गेलं की तो उकिरडा. त्याच्या पोटात हवा नसते, तिथे मिथेन तयार होतो. काठाला थोडी हवा, थोडी ओल अशी अर्धवट अवस्था असते, तिथे नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस ते तीस पट तापवतो आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट. म्हणजे ढीग नुसता पडून राहणं हे स्वस्तातलं काम वाटतं, तसं ते नाही.

कंपोस्ट करायचं तर कर्ब आणि नत्राचं गुणोत्तर साधारण २५ ते ३० ला १ असं जमवायचं. गाईगुरांचं शेण तसं जवळपास जातं, कोंबडीखतात नत्र फार, काडात कर्ब फार. नुसतं कोंबडीखत ढिगाला लावलं की नाक धरून पळावं लागतं. ओल किती ते मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, बोटांत ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये. ढीग छातीपर्यंत उंच, हवेसाठी अधूनमधून जाडी काटकं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोखंडी सळई ढिगाच्या पोटापर्यंत खुपसा, थोड्या वेळाने काढा. हाताला क्षणभरही धरवली नाही तर ढीग चढलाय. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत उघड्या लांब ढिगाला ५५ ते ७७ अंश तापमान किमान पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ अशी अट आहे. तेवढं झालं तर तणाचं बी आणि रोगजंतू बऱ्यापैकी मरतात. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर झालं पाहिजे, नाहीतर कातडी थंडच राहते आणि हरळी तिथेच जिवंत असते.

दुसरी_बाजू
कंपोस्टचं कौतुक आहे, पण त्याची किंमत सांगत नाही कुणी. ढीग तापतो तेव्हा नत्र अमोनिया होऊन उडतं. वीस ते चाळीस टक्के जाणं अगदी सामान्य आहे आणि कर्ब निम्म्याच्या आसपास हवेत जातो. प्रत्येक उलथापालथीला येणारा तो झोंबरा वास म्हणजे काय समजता? पाचदा उलथा म्हणता, पाचदा तोटा.

माझं मत असं की जिथे धान्य किंवा चारा पीक आहे तिथे ताजं शेण सरळ शेतात न्या आणि पसरल्यावर लगेच मातीआड करा. लगेच म्हणजे त्याच दिवशी, जमलं तर दोन-चार तासांत. पसरल्यानंतर अमोनियाचा सगळ्यात मोठा तोटा पहिल्या काही तासांतच होतो. ऊन आणि वारा टाळून संध्याकाळी पसरा. आज पसरून परवा वखर मारणारे लोक मी बघतो तेव्हा मला त्यांच्या शेतावरची हवा हेवा करण्याजोगी सुपीक वाटते.

ढीगवान
आणि त्या ताज्या शेणातले रोगजंतू? पालेभाजीत, गाजर-मुळ्यात ताजं शेण घातलंत तर खाणाऱ्याच्या पोटात काय जाईल?

दुसरी_बाजू
म्हणूनच 'धान्य किंवा चारा' असं लिहिलंय, चष्मा लावा. अमेरिकेच्याच त्या नियमांत कच्च्या खताची वेगळी अट आहे: खायचा भाग मातीला लागत असेल तर काढणीच्या किमान १२० दिवस आधी, लागत नसेल तर ९० दिवस आधी टाकून मातीआड केलेलं हवं. भाजीपाल्याला कुजलेलंच घाला, त्यात वाद नाही.

ढीगवान
हे मान्य. पण मुळं कुरतडणाऱ्या हुमणीचं काय? कच्चं शेण नेलंत की गेंड्या भुंग्याच्या आणि इतर भुंगेऱ्यांच्या अळ्या सोबत शेतात जातात. आणि उलथताना वर दोन बोटं माती किंवा तयार कंपोस्टचा थर दिला, कर्ब थोडा वाढवला, तर अमोनिया पुष्कळ अडतो. वास येतो म्हणजे काड कमी पडलंय, एवढाच अर्थ.

उगाच_आपलं
+१ दोघांनाही. घोंगडी ओली झाली, दुसरी आणतो.

निळी_ज्योत
दोघांच्या भांडणात तिसरा मार्ग राहिला. बायोगॅस. हवाबंद टाकीत कुजवलं की मिथेन सुटून न जाता चुलीला येतो. वायूत साठेक टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो. आणि नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं स्लरीत, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पातळ शेणात राहतं, फक्त कर्ब वायूत जातो.

पण जाहिरात करणारे पुढचं सांगत नाहीत. स्लरीत नत्राचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात आलेला असतो, म्हणजे पिकाला पटकन मिळतो आणि तितकाच पटकन उडतोही. स्लरीचा खड्डा उघडा ठेवलात तर वरून अमोनिया जातोच, शिवाय टाकीत अर्धवट राहिलेलं कुजणं तिथे चालू राहून थोडा मिथेनही निघतो. खड्डा झाकलेला हवा. आणि पाइपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून फुगे बघायचे. गळक्या बायोगॅसपेक्षा सुका उकिरडा बरा, हे मी बायोगॅसवाला असून म्हणतोय.

शेणकिडा
अवांतर आहे, पण या धाग्यावर माझ्या आयडीचा मान राखायलाच हवा.

ऑस्ट्रेलियात गुरं नेली तेव्हा तिथल्या स्थानिक शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती. गाईचं ओलं मोठं शेण त्यांना आवरेना. शेणाचे पो महिनोन् महिने कुरणात वाळत पडायचे, खालचं गवत मरायचं आणि माश्यांचा सुळसुळाट. शेवटी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेने १९६०च्या दशकात जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बाहेरून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. ते रुजले तिथे शेण गोळे होऊन जमिनीत गेलं.

मुद्दा असा की शेण मातीआड करणारे फुकटचे कामगार आपल्याकडे असतात आणि आपण त्यांना मारतो. जनावरांना जंतासाठी आयव्हरमेक्टिनसारखं औषध दिलं की त्याचा बराच भाग शेणातून बाहेर पडतो आणि ते शेण किड्यांच्या अळ्यांना बाधतं. सेंद्रिय म्हणवता आणि सरसकट वर्षातून ठराविक वेळा सगळ्या गोठ्याला डोस देता, तर शेण तपासून गरजेप्रमाणे द्या.

तिरपागडा
आयडीनुसार प्रतिसाद येणार असतील तर माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

घेवडा
बाहेरून शेणखत विकत घेणाऱ्यांनी हे वाचा. २००८ साली ब्रिटनमध्ये बागवाल्यांचे टोमॅटो, बटाटे, घेवडे एकाएकी पिळवटले, पानं कपासारखी वळली. कारण सापडलं ते शेणखतात. कुरणावर ॲमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारलेलं, ते गवत जनावरांनी खाल्लं. औषध जनावराच्या पोटातून तसंच बाहेर आलं आणि कंपोस्टमध्येही टिकून राहिलं. त्याची विक्री तेव्हा काही काळ थांबवावी लागली होती. म्हणजे तुम्ही तणनाशकाची बाटली हातात धरलेली नसली तरी ते तुमच्या शेतात येऊ शकतं.

परीक्षा सोपी आहे. एका कुंडीत ते खत मातीत मिसळून, दुसरीत नुसती माती घेऊन घेवडा लावा. तीन-चार पानं येईपर्यंत थांबा. खताच्या कुंडीतली नवी पानं वळलेली, शिरा ओढल्यासारखी दिसली तर तो ट्रक परत पाठवा.

पाणलोट
मूळ प्रश्न ओढ्याचा होता, त्यावर कुणीच आलं नाही म्हणून लिहितो.

काळं पाणी म्हणजे नुसता रंग नाही. कच्च्या घरगुती सांडपाण्याला कुजण्यासाठी लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. गुरांच्या पातळ शेणाला १०,००० ते २०,००० लागतो. ते ओढ्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंड मिटउघड करत मरतात. जे स्फुरद वाहून गेलं त्याने पुढच्या डोहात शेवाळ आणि जलपर्णी माजते.

ताई, उकिरड्याच्या वरच्या अंगाला चर काढा. बहुतेक काळं पाणी हे वरून वाहत आलेलं पावसाचं पाणी असतं, ते ढिगात शिरलंच नाही तर निम्मं काम झालं. ढिगावर पडणाऱ्या पावसासाठी छप्पर, ते परवडत नसेल तर जाड काडाचा उतरता थर. खाली जमीन रेताड असेल तर चिकणमाती धुमसून घ्या किंवा सरळ फरशी करा. खालच्या अंगाला छोटा खड्डा, त्यात उतरलेलं पाणी पुन्हा कोरड्या ढिगावर शिंपडायचं. आणि खड्डा ते ओढा यामध्ये दाट गवताचा रुंद पट्टा ठेवा, तिथे नांगर नको. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा असेल तर बाकीचं सगळं सोडून आधी तो हलवा.

मृदगंधा
सगळ्यांचे आभार. विहीर उकिरड्याच्या खालच्याच अंगाला आहे, त्यामुळे ढीग हलवण्याचं काम पहिलं. चर आणि गवताचा पट्टा पटला. कंपोस्ट की ताजं यावर भाजीला कंपोस्ट, चाऱ्याला ताजं असं धरते. पण किती टाकायचं हा प्रश्न तसाच आहे. आम्ही दरवर्षी जेवढं निघतं तेवढं सगळं टाकतो, तेही घराजवळच्या दोन पट्ट्यांतच, कारण लांब नेणं होत नाही.

अणूरेणू
हे 'घराजवळच्या दोन पट्ट्यांत' वाचलं आणि बरंच समजलं.

कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरलं तर टनाला पाच किलो. युरोपाची १७० किलोची मर्यादा म्हणजे हेक्टरी वर्षाला ३४ टन. ही वरची हद्द आहे, टाकायचं प्रमाण नव्हे. तुम्ही सगळ्या शेताचं खत दोन पट्ट्यांत घालत असाल तर तिथे ही हद्द कधीच ओलांडली गेली असेल. एकूण शेतावर भागिलं तर आकडा छान दिसेल, पण विहीर सरासरी पीत नाही.

दुसरं, शेणखतातलं नत्र पहिल्या वर्षी सगळं मिळत नाही. काही भाग त्या वर्षी, उरलेला पुढच्या वर्षांत सुटत राहतो. दरवर्षी टाकत गेलं की मागच्या सगळ्या वर्षांचं थोडं थोडं एकदम सुटतं, आणि ते पीक उभं नसतानाही सुटतं. पीक निघाल्यावर जमीन मोकळी ठेवू नका, झटकन वाढणारं काहीतरी पेरा. त्याची मुळं ते नायट्रेट धरतील.

तिसरं स्फुरद. पिकाला नत्र स्फुरदाच्या कितीतरी पट लागतं. शेणखतात मात्र, त्यातही उडून जाणारं नत्र वजा केलं की, हा फरक फार कमी उरतो. म्हणून नत्राच्या हिशेबाने शेणखत टाकलं की स्फुरद दरवर्षी गरजेपेक्षा जास्त पडतं आणि साठत जातं. ते नायट्रेटसारखं पटकन झिरपत नाही, पण मातीबरोबर वाहून जातं. यावर उपाय असा की शेणखत स्फुरदाच्या गरजेइतकंच टाकायचं आणि नत्राचा उरलेला भाग द्विदल पिकांवर, हिरवळीच्या खतावर सोडायचा. माती तपासा, त्या दोन पट्ट्यांची वेगळी आणि लांबच्या शेताची वेगळी.

सेंद्रियवाल्यांना आवडणार नाही असं एक सांगतो. २०१२ साली युरोपातल्या अशा तुलनांचा एकत्रित आढावा निघाला होता. त्यात सेंद्रिय शेतातून हेक्टरी नत्र कमी झिरपतं असं दिसलं, पण निघालेल्या उत्पन्नाच्या किलोमागे हिशेब केला तर जास्त. उत्पन्न कमी असतं हे एक कारण, आणि खत पिकाच्या वेळेवर न पडणं हे दुसरं. वेळ आपल्या हातात आहे.

जुनाजाणता
म्हणजे शेवटी गुरं विका असंच ना?

गोठेवाली
विकायची कशाला? चारा बाहेरून येत असेल तर ज्याच्याकडून चारा येतो त्याच्याकडे खत परत पाठवा. आम्ही तेच करतो. त्याची गाडी चारा घेऊन येते ती रिकामी जात नाही. त्याला त्याच्याच जमिनीतलं परत मिळतं, आमच्या डोक्यावरचा ढीग कमी होतो. नाहीतर कंपोस्ट करा, वजन आणि आकार निम्म्यावर येतो. मग लांबच्या शेतात नेणं परवडतं. दुसरी_बाजू यांनी कंपोस्टचा तोटा मोजला, त्यात वाहतुकीचा फायदा धरला नव्हता.

दुसरी_बाजू
धरला नव्हता. लांबच्या शेताला कंपोस्ट, जवळच्याला ताजं. पुढे?

जुनाजाणता
चाऱ्याच्या गाडीतून खत परत, ही गोष्ट बरी आहे. बाकी नायट्रेटवर माझं मत कायम.

पाणलोट
मृदगंधाताई, मत कुणाचं बरोबर ते विहिरीलाच विचारू. पाणी कुठल्या महिन्यात तपासलं होतं? एकच नमुना पुरत नाही. एक उन्हाळ्याच्या शेवटी घ्या आणि एक चांगला पाऊस होऊन गेल्यावर. उकिरड्याच्या वरच्या अंगाला एखादी विहीर असेल तर त्याच दिवशी तिचंही घ्या. दोन्हीकडे सारखंच जास्त आलं तर ते वरून, म्हणजे जुनाजाणता म्हणतात तसं शेजारून येतंय. वरच्या विहिरीत कमी आणि तुमच्यात जास्त आलं तर उकिरडा आणि ते दोन पट्टे. ढीग हलवल्यावर लगेच फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, खाली साठलेलं निचरायला काही पावसाळे जातात. नमुने आले की इथेच आकडे टाका.

मृदगंधा
वरच्या अंगाला एक जुनी विहीर आहे, वापरात नाही. बादली सोडून बघते. आकडे टाकेनच.